बोलला खरं, पण ते काय म्हणाले?

मागच्या ऑगस्टमधे मामाकडे गेलो होतो, चांदवड तालुक्यात. मामा कांदा साठवायच्या चाळीत बसून कांदा निवडत होता. उन्हाळ कांदा, एप्रिलला भरलेला, आता भाव येईल मग भाव येईल करत करत पोळा जवळ आला आणि खालच्या थराला पाणी सुटलं. चांगला एका क्रेटमधे, मोड आलेला दुसरीकडे, सडका उकिरड्यावर. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने नाही घेतला त्याला सांगून कळणार नाही.

तेवढ्यात मामेभावाने मोबाईल पुढे केला. क्लिप. आपल्याकडचे एक खासदार लोकसभेत कांद्यावर बोलतायत, दीड-दोन मिनिटं, खाली ढोल-ताशाचं म्युझिक टाकलेलं, मधेच अध्यक्ष "संपवा" म्हणतात तरी हे बोलतच राहतात, शेवटी स्क्रीनवर वाघाचा फोटो. मामाने हात न पुसता सगळी क्लिप बघितली. म्हणाला, "बोलला गडी." परत कांदा निवडायला लागला. दोन मिनिटांनी मान वर न करताच विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

ते म्हणजे सरकार. मामेभावाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, कारण क्लिप तिथेच संपते.

मी नाशकात राहतो, नोकरी करतो, राजकारणावर कट्ट्यावर बसून बोलतो तेवढंच. पण मामाचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपण खासदाराला मार्क देतो ते किती मोठ्याने बोलला यावर. काय उत्तर आलं हे आपण कुणीच बघत नाही, आणि माझं म्हणणं असं आहे की विरोधातला खासदार निवडून दिला असेल तर बघायची खरी गोष्ट तीच आहे.

आता नाशिक जिल्ह्याची गंमत बघा. 2024 ला जिल्ह्याशी संबंध असलेल्या तिन्ही जागा विरोधकांकडे गेल्या. नाशिकमधून सिन्नरचे राजाभाऊ वाजे, ठाकरेंच्या शिवसेनेचे. दिंडोरीतून भास्कर भगरे, म्हणजे भगरे सर, पेशाने शिक्षक, पवारांच्या राष्ट्रवादीचे. आणि मालेगाव-बागलाण ज्या धुळे मतदारसंघात येतं तिथून काँग्रेसच्या शोभा बच्छाव, त्या तर चार हजाराच्याही आतल्या लीडने. दिंडोरीत भगरे आडनावाचाच एक अपक्ष, त्याची निशाणी सरांच्या पक्षाच्या तुतारीसारखीच, तो लाखावर मतं घेऊन गेला! तरी सर एक लाखाच्या वर लीडने आले. लोक किती पेटले होते ते यावरून कळतं.

कशावर पेटले होते ते सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखा सांगतो कारण आपण विसरतो. ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरला टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही. 8 डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी, मार्चपर्यंत म्हणून लावलेली, मार्च आल्यावर पुढे ढकलली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टनांची परवानगी निघाली, आपल्याकडे बोंब झाल्यावर दोन दिवसांत सहा देशांसाठी साधारण एक लाख टनांचा आकडा जाहीर झाला. मग 4 मे 2024 ला बंदी उठली, उठताना 550 डॉलरच्या किमान किमतीची अट आणि 40 टक्के शुल्क सोबत घेऊनच. आपल्याकडे मतदान 20 मेला. 15 मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा होती, तिथे एक पोरगा उठून ओरडला, कांद्यावर बोला.

या सगळ्या काळात आपले तिन्ही खासदार सत्तेतले होते. त्यातल्या भारतीताई पवार तर केंद्रात राज्यमंत्री. म्हणून कुणी मला "विरोधातला खासदार काय कामाचा, सत्तेतला असला की कामं होतात" असं म्हटलं की मी ही यादी पुढे करतो. रस्त्याची, पुलाची, समाजमंदिराची कामं होत असतील, नाही म्हणत नाही. पण ज्या निर्णयाने गावच्या गाव बसलं त्यावर सत्तेतला खासदार सभागृहात उभा राहून किती बोलू शकतो? मंत्र्याला तर प्रश्न विचारताच येत नाही, मंत्री उत्तर द्यायच्या बाजूला बसतो. यात माणसाचा दोष कमी आणि जागेचा जास्त.

पण लगेच विरोधकांच्या आरत्याही ओवाळू नका. डिसेंबर 2010 मधे कांदा महागला तेव्हा निर्यात बंद केली होती ती यूपीए सरकारने, आणि कृषिमंत्री कोण होते ते नाशिकच्या माणसाला सांगायला लागू नये. सत्तेत कुणीही बसो, दिल्लीतल्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यात पाणी आलं की पहिला हात लासलगावच्या कांद्यावर पडतो. मीही शहरात कांदा विकत घेऊनच खातो, साठ रुपये किलो झाला की मीही कुरकुरतो, ते खोटं कशाला बोलू. म्हणूनच मला क्लिपपेक्षा कागद महत्त्वाचा वाटतो. आज जे विरोधात बसून विचारतायत ते उद्या सत्तेत गेले तर त्यांचाच प्रश्न त्यांच्यापुढे धरता आला पाहिजे.

तर हा कागद कसा तयार होतो ते सांगतो, कारण मलाही या निमित्तानेच नीट कळलं.

लोकसभेत अकराला प्रश्नोत्तराचा तास असतो. दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीत येतात, त्यांची उत्तरं मंत्र्याने तोंडी द्यायची आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, पण तासाभरात पाच-सहाच प्रश्न पुरे होतात. बाकी 230 अतारांकित, त्यांचं उत्तर फक्त लेखी. कुणाचा नंबर लागेल ते सोडत ठरवते, तिथे सत्ताधारी-विरोधक असा फरक नाही. नोटीस निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्यानंतर बाराला शून्य प्रहर, आपल्या मोबाईलवर येणाऱ्या बऱ्याच क्लिपा तिथल्या. तिथे खासदार तावातावाने बोलतो, बोलू द्यावं, पण मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नसतं. नियम 377 खाली एक छोटं निवेदन करता येतं, अडीचशे शब्दांच्या आतलं, त्यावर नंतर मंत्रालयाचं पत्र येतं. ते पत्र आलं की नाही, त्यात काय होतं, याची क्लिप मी तरी आजवर एकही बघितली नाही.

म्हणजे आवाज आहे तिथे उत्तराची सक्ती नाही आणि उत्तराची सक्ती आहे तिथे आवाज नाही, नुसता कागद. आपण सगळे आवाजाच्या मागे, खासदारही आपल्याकडे बघूनच चालतात, त्यांना काय, ज्याला लाईक येतात ते करणार.

बरं, लेखी प्रश्न टाकला म्हणजे काम झालं असंही नाही. प्रश्न कसा विचारला यावर सगळं आहे. "कांदा उत्पादक शेतकरी अडचणीत आहे याची सरकारला जाणीव आहे काय आणि सरकार कोणती पावलं उचलत आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. होय महोदय, सरकार शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे, आणि खाली चार योजनांची नावं, दीड पान. हे असलं उत्तर मंत्रालयातला बाबू झोपेत लिहील. त्याऐवजी असं विचारा ना, की सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी अमुक वर्षी बफरसाठी, म्हणजे सरकारी साठ्यासाठी, कांदा घेतला तो नाशिक जिल्ह्यात कुठल्या तालुक्यात किती, कुठल्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत, किती शेतकऱ्यांकडून, काय दराने, आणि पैसे खात्यात किती दिवसांनी पडले. 2023-24 ला बफरचं टार्गेट तीन लाख टनांवरून पाच लाखांवर नेलं होतं. एवढा कांदा सरकारने घेतला तर तो गावातल्या कुणाकडून तरी घेतला असणार. आमच्या मामाच्या गावात चौकशी केली तर दोन माणसांशिवाय कुणी म्हणत नाही की माझा घेतला. मग बाकीचा कुणाचा घेतला? ही नावं-गावं सभागृहाच्या पटलावर आली तर चर्चा कुठल्या कुठे जाईल.

आणि समजा उत्तर आलं की अशी तालुकावार माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही, तरी माझ्या मते तो सोन्यासारखा कागद आहे. कारण मग पुढच्या वेळी ठणकावून विचारता येतं की पाच लाख टनांची खरेदी करता आणि कुणाकडून केली याची नोंद नाही?

अजून एक गोष्ट, ही मला एका वकील मित्राने सांगितली आणि मी उडालोच. मंत्र्याने उत्तरात "विचाराधीन आहे", "माहिती गोळा केली जात आहे" असं म्हटलं ना, तर ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि ते पुरं झालं की नाही हे बघायला सभागृहाची एक वेगळी समिती असते, सरकारी आश्वासनांची. मुदतवाढी मागून मागून वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवतात तो भाग निराळा. पण म्हणजे ज्या वाक्याला आपण टोलवाटोलवी म्हणून सोडून देतो त्याच वाक्याला धरून बसता येतं. यासाठी खासदाराकडे चिवटपणा हवा, आणि मागे लागणारी माणसं हवीत.

माणसं म्हणजे आपण, आणि आपण काय करतो? दिंडोरी मतदारसंघ बघा. इकडे सुरगाणा-पेठची गुजरातची हद्द, तिकडे पार नांदगाव-येवला. 18 लाखांच्या वर मतदार. एवढ्या माणसांत रोज कुठे ना कुठे हळद, लग्न, दशक्रिया, वास्तुशांत, सप्त्याचा काला. खासदार दशक्रियेला आला नाही तर पाच वर्षं लक्षात ठेवणारी माणसं माझ्या नात्यात आहेत, मी नावं घेत नाही, लेख त्यांच्याच ग्रुपवर जाणार आहे. मग कामं काय सांगतो आपण? डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. अहो डीपी राज्याच्या वीज कंपनीची, त्याला खासदाराने लोकसभेत काय करायचं! सातबाऱ्यावरची नोंद, पाटाचं आवर्तन, शाळेतली बदली, सगळं खासदाराला. तो पण बिचारा फोन लावतो, कारण नाही लावला तर मत जातं. आणि खरोखर जे दिल्लीच्या हातात आहे, निर्यात, आयात शुल्क, रेल्वे, खताचं अनुदान, वनहक्क कायदा, त्यावर आपलं निवेदन म्हणजे हार, शाल, आणि "योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती". फोटो काढला, स्टेटसला टाकला, संपलं.

नाशिक-पुणे रेल्वेचंच घ्या. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा सरळ मार्ग, 235 किलोमीटरचा, त्यावर किती वर्षं भाषणं झाली. मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून मार्ग बदलायचा विषय आला. भाषणातून आपल्याला इतकंच कळतं की रेल्वे झालीच पाहिजे. सिन्नरमधे ज्यांनी जमिनी दिल्या, खरेदीखतं करून दिली, त्या जमिनींचं आता काय होणार, हे एका ओळीत लेखी विचारायला हवं.

इथे मला आपल्याच जिल्ह्याचा एक माणूस आठवतो. दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी. 1957 ला नाशिकमधून लोकसभेत गेले, अर्थात विरोधी बाकावर, समोर नेहरूंचं भक्कम बहुमत. 1959 ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, पडीक जमिनी कसायला द्या म्हणून. खासदार असून रस्त्यावर. 1964 ला तोच लढा देशभर नेला. त्यांनी सभागृहातल्या जागेवर विसंबून माणसं घरी बसवली नाहीत, आणि रस्त्यावर गर्दी आहे म्हणून सभागृह सोडलंही नाही. पुढे 1980 ला शरद जोशींच्या आंदोलनात कांद्याच्या भावासाठी रस्ते-रेल्वे अडवल्या, निफाड तालुक्यात खेरवाडीला गोळीबारात शेतकरी गेले. 2018 च्या मार्चमधे नाशिकहून मुंबईला आदिवासी शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो देशाने बघितले. तेव्हा कळवणचे आमदार होते माकपचे जे. पी. गावित, विरोधातले एकटे-दुकटे. सभागृहात त्यांना कोण मोजत होतं? पण मोर्चा आझाद मैदानात पोचला आणि सरकारने मागण्यांवर लेखी दिलं. लेखी दिलेलं सगळं मिळालं का, तर नाही, पुन्हा चालत निघावं लागलं. पण पुन्हा निघताना हातात तो कागद होता.

आणि एक खरं बोलायचं तर आम्ही कांदावाले फार आवाज करतो. मामा रागावेल, पण खासदार नुसता कांद्यालाच निवडून दिलाय असं कधी कधी वाटतं. दिंडोरी मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव आहे. सुरगाणा, पेठ भागात पावसाळ्यात धो धो पडतो आणि फाल्गुन-चैत्रात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. तिथलं पाणी वळवायच्या नदीजोडच्या योजना दिल्ली आणि गांधीनगरला आखल्या जातात. 2022 ला सुरगाण्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हणून मागणी केली, तेव्हा दोन-चार दिवस सगळ्यांना सुरगाणा नकाशावर सापडला. वनहक्काचे दावे किती आले, किती मान्य केले, माणशी किती गुंठे दिले आणि सातबाऱ्यावर किती चढले, हा प्रश्न दर अधिवेशनाला विचारायचा आहे. त्याची क्लिप व्हायरल होणार नाही, त्याला ढोल-ताशा शोभणार नाही.

आता कुणी म्हणेल, कागद कागद काय करतोस, सभागृहातून बाहेरच काढलं तर? बरोबर आहे. डिसेंबर 2023 ला तेच झालं. निर्यातबंदी 8 तारखेला लागली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं. संसदेच्या सुरक्षेवरून गोंधळ झाला आणि दोन्ही सभागृहांचे मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले. शिरूरचे अमोल कोल्हे, बारामतीच्या सुप्रिया सुळे, दोघंही 19 तारखेच्या यादीत. निलंबित खासदारांचे प्रश्नही यादीतून गळाले.

त्या दिवशी चाळीतून उठल्यावर मी मामाच्या हिशेबपट्ट्या, म्हणजे कांदा विकल्याच्या पावत्या, बघायला मागितल्या. मामा खताच्या रिकाम्या पिशवीत सगळ्या ठेवतो, सुतळीने बांधून. त्यात 5 डिसेंबर 2023 ची एक होती, लाल कांदा, क्विंटलला 3,400. वजन, हमाली, तोलाई, सगळं वळणदार अक्षरात. तिच्या खालचीच दुसरी, त्याच वावरातला कांदा, तेच पिकअप, तोच आडत्या, भाव 1,650. तारीख 19 डिसेंबर. योगायोग म्हणा. मी त्या दोन पट्ट्या खाटेवर शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसलो. गेल्या दोन वर्षांत या विषयावर मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या दोन पट्ट्या जास्त बोलत होत्या, आणि त्या कुठल्याच निवेदनाला कधी जोडल्या गेल्या नव्हत्या.

गावात अशा किती पिशव्या असतील. ग्रामसभेचा एक ठराव, त्याला पन्नास घरांच्या या तारखांच्या पट्ट्यांच्या झेरॉक्स, आणि वर एकच नेमका प्रश्न, एवढं खासदाराच्या ऑफिसात दिलं तर त्यांच्या पीएला मान खाली घालून टाईपच करायचंय. 2024 च्या जुलै-ऑगस्टमधल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महाराष्ट्रातल्या विरोधी खासदारांनी गळ्यात कांद्याच्या माळा घालून संसदेच्या आवारात आंदोलन केलं होतं. केलं ते चांगलंच केलं. पण माळेचा फोटो दुसऱ्या दिवशी शिळा होतो. 1 एप्रिल 2025 पासून 40 टक्क्यांतलं उरलेलं 20 टक्के शुल्कही गेलं, त्याचं श्रेय सत्ताधाऱ्यांनी घेतलं आणि विरोधकांनीही घेतलं, आणि तोवर बाजारात उन्हाळ कांदा येऊन भाव घसरायला लागलेच होते. शुल्क लावताना आणि काढताना शेतकऱ्याचं किती गेलं याचा सरकारने काही हिशोब केला होता का, हे कुणी विचारायला पाहिजे होतं.

संध्याकाळी मामेभाऊ आणि मी ओट्यावर बसून मोबाईलवर प्रश्न टाईप करायला घेतला. तो सारखा "जाहीर निषेध" लिहायचा आणि मी खोडायचो. शेवटी चार ओळी झाल्या. नाफेडचं आणि एनसीसीएफचं तालुकावार विचारलं, बंदीच्या काळातल्या भावाचं विचारलं. मामाला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची पुडी बंद केली, म्हणाला, "विकला त्याचंच विचारलं तुम्ही. चाळीत सडला तो कोण मोजतं, ते नाही विचारलं."

मामेभावाने पाचवी ओळ टाकली.